पी-५३ निगेटिव्ह

रिपोर्टच्या शेवटच्या ओळीवर पिवळा हायलायटर फिरवलेला होता: ‘पी-५३ निगेटिव्ह, केआय-६७ वीस टक्के’. ही दोन्ही गाठीच्या पेशींत तपासायची प्रथिनं, म्हणजे मार्कर. केआय-६७ विभाजनाच्या तयारीतल्या पेशी मोजतं, पी-५३बद्दल पुढे. त्याच्या वरचा मजकूर, म्हणजे ‘युरोथेलियल कार्सिनोमा, हाय ग्रेड, लॅमिना प्रोप्रियात शिरकाव, टी-१’, तसाच कोरा सोडलेला. साध्या शब्दांत, मूत्राशयाच्या अस्तराचा आक्रमक कॅन्सर, अस्तराखालच्या सैल थरात शिरलेला. रिपोर्ट बाहेरच्या एका लॅबचा होता. तो घेऊन आलेली बाई तिशीतली, इथेच सोलापुरात शाळेत शिकवणारी. तिचे वडील बाहेर बाकावर बसले होते.

“मॅडम, युरॉलॉजिस्ट सर म्हणतात, महिन्याभरात परत दुर्बीण घालायची. पण मार्कर निगेटिव्ह आलाय की! मी सगळं वाचून काढलंय. पी-५३ पॉझिटिव्ह असला तर कॅन्सर पसरतो, निगेटिव्ह असला तर धोका कमी. मग अप्पांना परत भूल, परत नळी, कशाला? तुम्ही एकदा स्लाइड बघा आणि सरांना सांगा.”

पॅथॉलॉजिस्टकडे रुग्णाचं माणूस असं थेट येत नाही. आमचा रिपोर्ट डॉक्टरकडे जातो, पुढचं तिथे ठरतं. पण युरॉलॉजिस्टनीच तिला पाठवलं होतं. दुसरं मत हवंय तर सोलापुरातच घ्या, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. तिनं दोन्ही आणलं होतं. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या ट्रेला रबर लावलेलं, ब्लॉक पाकिटात, पाकिटावर वडिलांचं नाव सुवाच्य अक्षरात. मनात म्हटलं, बाई नीटनेटकी आहे आणि घाबरलेली आहे.

तिनं जे वाचलं होतं ते खोटं नव्हतं. १९९४ साली लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मूत्राशय काढलेल्या २४३ रुग्णांच्या गाठी पी-५३साठी रंगवून पाहिल्या. ज्यांच्या पेशींच्या केंद्रकात हे प्रथिन साठलेलं दिसलं, त्यांच्यात आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. आणि गाठ किती खोल गेली आहे, तिची ग्रेड काय, हे हिशेबात धरूनही तो फरक टिकला. त्या एका निबंधानं आमच्या क्षेत्रात मोठी आशा उभी केली. गाठीच्या तुकड्यावर तपकिरी रंग चढतो की नाही यावरून माणसाचं पुढचं आयुष्य वाचता येईल, असं वाटायला लागलं. आपल्याकडे एमडीच्या विद्यार्थ्यांचे किती प्रबंध ‘मूत्राशयाच्या कर्करोगात पी-५३ आणि केआय-६७’ या विषयावर झाले असतील! मीही याच विषयाच्या आसपास शिकले, आणि या प्रथिनाबद्दल मला आजही जिव्हाळा आहे.

पण त्या आशेचं पुढे काय झालं, हे पिवळ्या हायलायटरपर्यंत पोचलेलं नव्हतं. त्याच निष्कर्षावर उभी राहिलेली मोठी चाचणी झाली. मूत्राशय काढलेल्या ४९९ रुग्णांची पी-५३ तपासणी झाली. २७२ जणांची गाठ पॉझिटिव्ह निघाली. त्यातले ११४ जण चिठ्ठी टाकून गट ठरवायला तयार झाले: निम्म्यांना केमोथेरपी, निम्म्यांवर फक्त लक्ष. चाचणी अर्ध्यातच थांबवावी लागली, कारण दोन्ही गटांत फरक दिसण्याची शक्यताच उरली नव्हती. २०११ साली निकाल छापून आला. केमोचा फायदा दिसला नाही, आणि त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे पी-५३ पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह रुग्णांच्या भवितव्यातही फरक दिसला नाही. ज्या प्रथिनावर उपचार ठरवायचे म्हणून एवढा घाट घातला, ते प्रथिन त्या रुग्णांत काही सांगेनाच. आज मूत्राशयाच्या कॅन्सरच्या कोणत्याही मोठ्या मार्गदर्शिकेत ‘पी-५३ बघून उपचार ठरवा’ असं लिहिलेलं नाही.

हे सगळं मी त्या बाईला पहिल्या भेटीत सांगितलं नाही. आधी स्लाइड.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची साधी, गुलाबी-निळी स्लाइड मी नेहमीच आधी बघते. मार्करच्या स्लाइडा नंतर. दुर्बिणीतून खरवडून काढलेल्या गाठीचे तुकडे वेडेवाकडे येतात. काहींच्या कडा विजेच्या चटक्यानं करपलेल्या असतात, काही आडवे कापले जातात. इथे गाठ हाय ग्रेड होती, त्यात शंका नव्हती. मोठी, काळपट, एकमेकांवर चढलेली केंद्रकं, जागोजाग विभाजन. अस्तराखालच्या सैल थरात पेशींचे पुंजके शिरलेले. म्हणजे टी-१ बरोबर. आता खरा प्रश्न: त्याखालचा स्नायू कुठे आहे?

मूत्राशयाच्या भिंतीत स्नायू दोन ठिकाणी असतो, आणि इथे भले भले चकतात. अस्तराखालच्या सैल थरातच स्नायूचे बारीक, विस्कळीत तंतू असतात, रक्तवाहिन्यांच्या सोबतीनं. त्यांना मस्क्युलॅरिस म्युकोसी म्हणतात. आणि त्याच्या खूप खाली जाड, घट्ट जुड्यांचा खरा स्नायू, डिट्रूझर. गाठ पहिल्यात शिरली तर टी-१, दुसऱ्यात शिरली तर टी-२. या दोन आकड्यांमध्ये माणसाची मूत्राशयाची पिशवी राहते किंवा जाते. या स्लाइडांमध्ये बारीक तंतू होते. जाड जुडी एकही नव्हती. डेस्मिन नावाच्या प्रथिनाचा स्टेन केला तर दोन्ही स्नायू रंगतात, त्यानं निवाडा होत नाही. स्मूथेलिन डिट्रूझरला गडद रंगवतं आणि वरच्या तंतूंना फिकट, म्हणून काही ठिकाणी ते वापरतात. इथे तेवढंही करायची गरज नव्हती. तुकड्यांत डिट्रूझर नव्हताच. बाहेरच्या रिपोर्टात स्नायूबद्दल एक अक्षर नव्हतं, आहे असंही नाही, नाही असंही नाही.

म्हणजे ‘टी-१’ याचा अर्थ ‘आम्हाला दिसलं तिथपर्यंत टी-१’ एवढाच होता.

युरॉलॉजिस्ट दुसऱ्यांदा दुर्बीण का घालायची म्हणत होते, ते यातच आलं. टी-१ गाठ काढल्यावर दोन ते सहा आठवड्यांत परत बघितलं, तर एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत गाठ शिल्लक सापडते. आणि पहिल्या वेळी तुकड्यांत स्नायू आला नसेल, तर प्रत्यक्षात आजार स्नायूपर्यंत गेलेला निघण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलं आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये इतका फरक पाडणारी माहिती मला माहीत असलेला कोणताही प्रथिन-मार्कर देत नाही.

आणखी एक गोष्ट एका लहानशा तुकड्यात होती. सपाट अस्तर, गाठ नाही, पण पेशी बेढब. बऱ्याच जागी अस्तर गळून पडलेलं. कार्सिनोमा इन सिटू, म्हणजे अस्तरातच राहिलेला सपाट कॅन्सर, असावा, पण नुकत्याच झालेल्या जंतुसंसर्गानं किंवा जखमेनंही पेशी अशा बिथरतात. रिपोर्टात याचाही उल्लेख नव्हता. इथे मात्र प्रथिनांचे स्टेन खरोखर कामाला येतात. निरोगी अस्तरात सीके-२० फक्त सगळ्यात वरच्या छत्रीसारख्या पेशींत असतं आणि सीडी-४४ तळाच्या पेशींत. अस्तर नुसतंच चिडलेलं असेल तर सीडी-४४ वरपर्यंत चढतं. कॅन्सर असेल तर उलट होतं: सीके-२० संपूर्ण जाडीत पसरतं आणि सीडी-४४ नाहीसं होतं.

आणि मग मी ती हायलायटरवाली स्लाइड लावली.

पी-५३च्या स्लाइडवर गाठीच्या पेशी पूर्ण निळ्या होत्या. एकही तपकिरी केंद्रक नाही. फिकटसुद्धा नाही. लिहिणाऱ्यानं ‘निगेटिव्ह’ लिहिलं, कारण समोर तपकिरी काही नव्हतं. मला मात्र खुर्चीत सरसावून बसावं लागलं.

पी-५३ हे पेशीचं राखणदार प्रथिन. जनुकांना इजा झाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. १९७९ साली ते सापडलं. नावातले ५३ हे त्याचं अंदाजलेलं वजन, किलोडाल्टनमध्ये, आणि तो अंदाजही पुढे चुकीचा निघाला. निरोगी पेशीत ते तयार होतं आणि वीसेक मिनिटांत मोडलं जातं. म्हणून निरोगी पेशी या स्टेनमध्ये कुठे फिकट, कुठे जरा गडद, कुठे निळ्या, अशा ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात. जनुकात एखादं अक्षर बदलून बिघाड झाला, तर प्रथिन निकामी होतं पण मोडत नाही, साठत जातं. मग केंद्रकं काळपट तपकिरी होतात. हे १९९४च्या निबंधातलं ‘पॉझिटिव्ह’. पण बिघाड असा असेल की प्रथिन तयार होणंच थांबलं, तर? तर अँटीबॉडीला चिकटायला काही उरतच नाही. पेशी पूर्ण कोऱ्या दिसतात. याला ‘नल’ म्हणतात. राखणदार बदललेला नसतो, राखणदार नसतोच. त्या काळी अनेक ठिकाणी रेघ १० टक्क्यांवर मारलेली असे. १० टक्क्यांहून कमी पेशी रंगल्या की निगेटिव्ह. म्हणजे निरोगी जनुकाची फिकट ठिपक्यांची गाठ आणि राखणदार गमावलेली कोरी गाठ एकाच खणात जाऊन पडत. आणि १० टक्क्यांच्या जराशी वरची निरोगी गाठ पॉझिटिव्हच्या खणात. २०११च्या चाचणीतही रेघ १० टक्क्यांचीच होती. ती चाचणी फसण्यामागे बरीच कारणं असतील, पण ही खणांची सरमिसळ त्यातलं एक असावं, असं माझं मत आहे.

अंडाशय आणि गर्भाशयाच्या गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांना ही गोष्ट केव्हाच अंगवळणी पडली आहे. तिथे पी-५३चा रिपोर्ट ‘वाइल्ड टाइप’ (मूळचा, निरोगी) किंवा ‘ॲबरंट’ (बिघडलेला) असा जातो, आणि कोरी स्लाइड ॲबरंटमध्ये मोडते. मूत्राशयापर्यंत ही शिस्त हळूहळू पोचते आहे.

पण कोरी स्लाइड दोन कारणांनी कोरी असू शकते. प्रथिन नाही, किंवा स्टेनच लागला नाही. तुकडा फॉर्मलिनमध्ये जास्त दिवस पडून राहिला, प्रेशर कुकरमधली उकळ कमी पडली, अँटीबॉडी शिळी झाली, काहीही. बाहेरच्या त्या स्लाइडवर गाठीच्या भोवतीच्या पेशीही मला निळ्याच वाटत होत्या. तेवढ्यावरून काही बोलणं बरोबर नव्हतं.

आमच्या टेक्निशियनला ब्लॉक दिला. तो माझ्याहून जुना माणूस, मेणाचा ब्लॉक मायक्रोटोमवर असा कापतो की तीन मायक्रॉनची पट्टी पाण्यावर सुरकुतीशिवाय तरंगते. त्यानं पट्ट्या चार्ज केलेल्या काचांवर उचलल्या. एका काचेवर कंट्रोल म्हणून, म्हणजे स्टेन नीट लागतो का हे पडताळायला, अंडाशयाच्या गाठीचा आणि टॉन्सिलचा तुकडाही घेतला. पी-५३, सीके-२०, सीडी-४४. सकाळी सुरुवात केली, दुपार कलत आली तेव्हा काचा सुकून माझ्या टेबलावर आल्या. तो स्वतः घेऊन आला आणि जागचा हलला नाही.

“मॅडम, पी-५३ परत कोरंच आलंय. पण कंट्रोल झकास आहे. मग?”

“ये, बघ,” म्हटलं, आणि दुसऱ्या आयपीसवर त्याला घेतलं. “गाठीकडे बघू नकोस. गाठीच्या आजूबाजूला बघ.”

रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, मधल्या धाग्यांसारख्या पेशींत, लिम्फोसाइटमध्ये, सगळीकडे फिकट तपकिरी ठिपके होते. बारीक, पण निःसंशय. तिथपर्यंत अँटीबॉडी पोचली होती, रंग चढला होता. आणि त्याच्या अगदी शेजारी, त्याच काचेवर, गाठीचा पुंजका ठार निळा. स्टेन लागला होता. प्रथिन नव्हतं. सपाट अस्तराच्या त्या तुकड्यातही तेच: पी-५३ कोरं, सीके-२० संपूर्ण जाडीत, सीडी-४४ गायब. म्हणजे कार्सिनोमा इन सिटू, आणि गाठीचाच सख्खा भाऊ.

टेक्निशियन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “हे रिपोर्टात निगेटिव्ह म्हणून गेलं तर उलटाच अर्थ होतो की हो.”

तेच तर झालं होतं.

मी युरॉलॉजिस्टना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पी-५३ नल आहे म्हणून तू माझा प्लॅन बदलायला सांगणार आहेस का?” म्हटलं, नाही. तो निरोगी ठिपक्यांचा निघाला असता तरी सांगितलं नसतं. प्लॅन बदलण्यासारखी बातमी स्नायूची आणि इन सिटूची आहे. युरोपातल्या युरॉलॉजी संघटनेच्या २०२१च्या हिशेबानं स्नायूपर्यंत न गेलेल्या गाठींचे चार गट पडतात. कमी धोक्याच्या गटात पाच वर्षांत आजार पुढच्या पायरीवर जाण्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी, मध्यम गटात ४.९, जास्त धोक्याच्या गटात ९.६, आणि अति जास्त धोक्याच्या गटात ४० टक्के. हे आकडे बीसीजी, म्हणजे पिशवीत सोडायची क्षयाची लस, न दिलेल्या रुग्णांचे आहेत. गट पाडायला काय लागतं? वय सत्तरच्या वर आहे का, गाठी अनेक आहेत का, गाठ तीन सेंटिमीटर किंवा मोठी आहे का, पायरी, ग्रेड आणि कार्सिनोमा इन सिटू. यात एकही प्रथिन नाही. अप्पांचं वय बहात्तर. टी-१, हाय ग्रेड, आणि आता इन सिटू. ते चौथ्या गटात बसत होते, आणि तेही स्नायू साफ आहे असं धरून चाललं तरच.

दुसऱ्या दिवशी मी दोघांनाही खोलीत बोलावलं. अप्पा उंच, वाळलेले, धोतर-सदरा आणि पांढरी टोपी. चादरींच्या कारखान्यात सूत रंगवण्यात त्यांची उमर गेली. तरुणपणी हात कोपरापर्यंत रंगात असायचे, असं त्यांनी आपणहूनच सांगितलं. विडीही होती. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी जास्त होतात, हे फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जननं १८९५ सालीच मांडलं होतं. रंगात वापरले जाणारे काही ॲरोमॅटिक अमाइन लघवीतून बाहेर पडताना पिशवीच्या अस्तराला डसतात. तंबाखूच्या धुरातही तेच जातकुळीचे पदार्थ असतात. अप्पांना कशामुळे झालं, हे आता कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि त्यांनी ते विचारलंही नाही.

मुलीनं परत तोच प्रश्न विचारला. मी मॉनिटरवर स्लाइड लावली, गाठ दाखवली, भोवतीच्या पेशींतले ठिपके दाखवले, आणि कोरं असणं इथे चांगलं का नाही ते सांगायला लागले. ती वहीत लिहून घेत होती. अप्पा मॉनिटरकडे बघत होते. मध्येच म्हणाले, “बाई, म्हणजे एकाच हौदात दोन लडी सोडल्या, एकीनं रंग धरला आणि दुसरीनं धरलाच नाही, असंच ना? मग रंगाला बोल लावता येत नाही. सुतातच खोट.”

इतक्या वर्षांत इंटर्नल कंट्रोल म्हणजे काय हे मला कुठल्या विद्यार्थ्याला इतक्या कमी शब्दांत समजावता आलेलं नाही. मी त्यांना तसं सांगितलंही.

“ते असू दे,” ते म्हणाले. “मुळं किती खोल गेलीत तेवढं सांगा.”

“काका, तेच मला दिसलं नाही. काढलेल्या तुकड्यांत तेवढं खोलचं मांस आलेलंच नाही. म्हणून सर परत दुर्बीण घालायची म्हणतात. मार्कर चांगला आला असता तरी हेच सांगितलं असतं.”

“मग घाला की,” ते मुलीकडे वळून म्हणाले. तिनं वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो माझ्यावर नव्हता. महिनाभर ती ज्या एका ओळीला धरून झोपत होती, ती ओळ मी तिच्या हातातून काढून घेतली होती. त्याबद्दल मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण ती ओळ तिला कुणी द्यायलाच नको होती. भवितव्य सांगणारा मार्कर म्हणून रिपोर्टात एखादं प्रथिन घालायचं, तर ते काय सांगतं आणि काय सांगत नाही हे त्याच रिपोर्टात लिहिणं ही आपली जबाबदारी आहे. नुसतं ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ लिहून खाली सही करणं म्हणजे अर्ध रिपोर्टिंग. यावर आमच्या परिषदांमध्ये फार बोललं जात नाही याची मला खंत आहे. मार्करच्या पॅनलची जाहिरात सहज होते. पॅनल वाचायचं कसं, यावर वेळ द्यायला कुणी नसतं.

दुसरी दुर्बीण झाली. युरॉलॉजिस्टनी जुन्या जागेचा तळ स्वतंत्र बाटलीत पाठवला, बाटलीवर ठळक अक्षरात ‘तळ’. त्या तुकड्यांत जाड, घट्ट डिट्रूझरच्या जुड्या होत्या, आणि दोन जुड्यांच्या मधून गाठीच्या पेशी ओळीनं शिरलेल्या. टी-२. कोणत्याही स्टेनची गरज नव्हती. साध्या गुलाबी-निळ्या स्लाइडवर ते इतकं स्पष्ट होतं की मी पुन्हा पुन्हा बघत राहिले ते केवळ दुसरं काही निघावं या आशेनं.

बीसीजीचा विषय तिथेच संपला. पिशवीत बीसीजी सोडण्याचा उपचार अल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ साली नऊ रुग्णांवरचा अनुभव छापून सुरू केला. क्षयाची लस पिशवीच्या कॅन्सरवर चालते, हे अजूनही मला नवलाचं वाटतं. त्यासाठी लागणारं बीसीजी पुण्यातही बनतं. पण तो उपचार स्नायूच्या अलीकडच्या आजाराचा. अप्पांना आधी सिस्प्लॅटिन-जेमसायटाबिन ही केमो आणि मग पिशवी काढणं, असं ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, ठरलं. सिस्प्लॅटिनसाठी मूत्रपिंड धड हवं, ते होतं. स्कॅनमध्ये बाहेर कुठे काही नव्हतं. घरच्यांनी दुसरी दुर्बीण टाळली असती, तर पिशवीत बीसीजी सोडत बसलो असतो आणि आजार भिंतीतून खाली उतरत राहिला असता. कितपत उतरला असता ते सांगता येणार नाही, पण त्या विचारानं अजूनही पोटात गोळा येतो.

केमो झाली, ऑपरेशन झालं. आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट काढून दिली. काढलेली पिशवी माझ्याच टेबलावर आली. मी ती उघडली, जुन्या जखमेची जागा शाईनं रंगवली, नेहमीपेक्षा जास्त तुकडे घेतले. स्नायूत थोडा आजार उरलेला होता. लसिकाग्रंथी सगळ्या स्वच्छ. कडा स्वच्छ.

आणि मग प्रथिनांचा प्रश्न परत आला, या वेळी ऑन्कॉलॉजिस्टकडून. केमोनंतरही स्नायूत आजार उरला असेल तर ऑपरेशननंतर निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध देता येतं. त्या औषधाच्या चाचणीत पीडी-एल-१ हे प्रथिन एक टक्का किंवा जास्त असलेल्या गाठींत फायदा ठळक होता. २०२१ मध्ये अमेरिकेनं औषधाला मान्यता दिली ती पीडी-एल-१ काहीही असलं तरी. युरोपनं मात्र ते एक टक्का किंवा जास्त असेल तरच अशी अट घातली. एकच चाचणी, एकच प्रथिन, आणि दोन ठिकाणचे तज्ज्ञ त्याचा असा वेगळा अर्थ लावतात. मी मुलीला हे मुद्दाम सांगितलं. तिनं या वेळी एकच विचारलं: “हा मार्कर बघून नक्की काय ठरणार आहे?” हाच प्रश्न प्रत्येक मार्करला विचारायला हवा. पसरलेल्या आजारात एन्फॉर्टुमॅब व्हेडोटिन हे औषध नेक्टिन-४ या प्रथिनाला धरून काम करतं, पण ते देण्याआधी नेक्टिन-४ तपासायला सांगत नाहीत, कारण बहुतेक युरोथेलियल गाठींत ते असतंच. उलट ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकन पसरलेल्या आजारात द्यायचं तर हर-२ हे प्रथिन तीन प्लस, म्हणजे सर्वांत गडद, आहे का हे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणजे हर-२च्या उत्तरानं काही ठरतं, नेक्टिन-४च्या उत्तरानं ठरत नाही.

अप्पांचं पीडी-एल-१ एक टक्क्याच्या खाली आलं. औषध महाग, फायद्याची खात्री कमी. ऑन्कॉलॉजिस्ट आणि घरच्यांनी मिळून लक्ष ठेवायचं ठरवलं. आतापर्यंतचे स्कॅन साफ आहेत.

आमच्या लॅबमधून मूत्राशयाच्या कोणत्याही रिपोर्टात पी-५३ आता ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ म्हणून जात नाही. नमुना कसला आहे ते लिहितो: मिश्र, गडद, की कोरा, भोवतीच्या पेशींनी रंग धरला होता की नाही तेही लिहितो, आणि खाली एक ओळ, की या निष्कर्षावरून एकट्यानं उपचार ठरवू नयेत. रिपोर्टच्या पहिल्या ओळीत मात्र डिट्रूझर आहे की नाही, आणि असेल तर त्यात आजार आहे की नाही, हे जातं. ठळक अक्षरात.

मध्यंतरी अप्पा तपासणीला आले तेव्हा सोबत कारखान्यातले दोन जुने जोडीदार होते. एकाला काही महिन्यांपासून मधूनच लाल लघवी होत होती, दुखत काही नव्हतं, म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. अप्पांनी त्याला जवळजवळ ओढून आणलं होतं. त्यानं विचारलं, लघवीतलं एखादं प्रथिन बघून घरच्या घरी कळत नाही का, तशी पट्टी मिळते असं नातू म्हणतो. मिळते, एनएमपी-२२ नावाच्या प्रथिनाची तशी चाचणी आहे, पण मुतखडा असला, जंतुसंसर्ग असला किंवा नुसतं रक्त असलं तरी ती खोटी पॉझिटिव्ह येते, आणि छोटी गाठ तिच्यातून निसटू शकते. त्याला सांगितलं, काका, लाल लघवी झाली हेच पुरेसं आहे, आता दुर्बीण. सायटॉलॉजीसाठी, म्हणजे लघवीतल्या पेशी तपासायला, त्या दोघाही जोडीदारांच्या लघवीचा नमुना घेतला आणि लाल लघवीवाल्याला तसंच युरॉलॉजिस्टकडे पाठवलं. अप्पा त्याच्यासोबत गेले, नंबर लागेपर्यंत बसले.